साडी घेऊन ये

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं.

गोडादऱ्यात आमचं घर ओळीतलं, वर सपाट गच्ची. सुरतेत तिला अगाशी म्हणतात. सुनेनं सकाळीच ज्वारीचा घाटा शिजवून वर आणून ठेवला अन् ती खाली स्वयंपाकाला गेली. मी एक जुनी साडी ओली करून पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. बायको पाण्याच्या टाकीच्या सावलीला पाटावर बसली. पाय सुजलेले, चार पायऱ्या चढली की दम लागायचा, तरी वर येणारच म्हणून बसली होती. पहिले काही बिबडे तिनं थापले. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आते तुम्ही."

मी जन्मात बिबडं थापलं नव्हतं. लूमवरचे हात माझे, तुटलेला धागा जोडायला चालतात, पण ओल्या कापडावर घाटा पसरायचा म्हणजे मला काही सुचेना.

"ही काय भाकर शे का?" ती म्हणाली. "पातळ करा. वाळल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे."

"पलीकडे काय बघायचंय तुला?"

"तुमचं तोंड तर नाही बघायचं, एवढं नक्की."

असं भांडत भांडत आम्ही साडी भरली. आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत बिबडे झालेच पाहिजेत, असं तिचं होळीपासून चाललं होतं. शेवटचं बिबडं मी वाकडंतिकडं थापलं तर म्हणाली, "हे तुमचं तुम्हीच खा." मग माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली उतरली.

त्याच दुपारी ती गेली. पण आधीचं सांगितल्याशिवाय दुसऱ्या साडीचं काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आलो अन् लूमवर आयुष्य काढलं. लूमच्या खडखडाटात माणसाला दोन सवयी लागतात. एक, ओरडून बोलायचं. दुसरी, थोडकं बोलायचं, कारण लांबलचक बोललेलं कोणाला ऐकूच जात नाही. घरातही मी तसाच. बायको म्हणायची, "तुमचं बोलणं म्हणजे दगड फेकल्यावाणी. लागला तर लागला."

बिबड्यांच्या आधीच्या दिवाळीत ती दवाखान्यात होती. छातीत पाणी भरायचं. डॉक्टरनं मुलाला समजावलं, हृदय मोठं झालंय, जोर राहिला नाही. मुलानं ते तिला सांगितलं तर मला म्हणते, "ऐकलं का? काळीज मोठं शे म्हणे माझं. आता तरी कबूल करा."

त्या वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, आमच्यापेक्षा तरुण. तिच्या घशात नळी घातलेली. ती नळी ओढायची म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले होते. बोलता येत नव्हतं. नुसती डोळ्यांनी इकडे तिकडे बघायची. तिची माणसं बाहेर बाकड्यावर बसलेली, ठरल्या वेळेला आत सोडायचे. एका सकाळी ती तशीच गेली. हात नंतर सोडले. डॉक्टर लोकांनी वाईट हेतूनं काही केलं, असं मी म्हणत नाही. त्यांना जे येतं ते त्यांनी केलं. पण बायकोनं ते सगळं बाजूला पडल्या पडल्या पाहिलं.

मग एक दिवस मोठा डॉक्टर मला म्हणाला, "काका, हवे घरे लई जाव. सेवा करो."

मला वाटलं, सुटलो. बरी झाली. येताना मी मोसंब्या घेतल्या, गल्लीत दिसेल त्याला सांगत आलो की घरी सोडलं, आता नुसती सेवा करायची. रिक्षात ती शेजारी बसून ऐकत होती. घराजवळ आलो तेव्हा म्हणाली, "आयकतस का? आजवर डॉक्टर काय म्हणायचा?"

"काय म्हणायचा?"

"दवा करा म्हणायचा. आज दवा म्हणाला का?"

मोसंब्यांची पिशवी मांडीवर होती.

दोन दिवस गेले. मग एका संध्याकाळी मुलाला अन् मला समोर बसवलं. मुलगा हिरे घासायला जातो, नुकताच कामावरून आला होता. ती म्हणाली, "मला पुन्हा तिथं नेऊ नका. काय व्हायचं ते या घरात. घशात नळी नको अन् माझे हात कोणी बांधायचे नाहीत. तहान लागली तर पाणी तुम्ही पाजा."

मुलगा म्हणाला, "मम्मी, आवुं नै बोलवानुं ने." तो चिडला की रडायला आला की गुजरातीत शिरतो. "उद्या लोक म्हणतील, पोरानं आईला दवाखान्यात नेलं नाही."

"लोकांना मी सांगून जाते ना. बोलाव कोणाकोणाला बोलवायचंय ते."

अन् खरंच तिनं गल्लीतल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना चहाला बोलावून त्यांच्यासमोर सांगितलं. वर म्हणाली, "हे नंतर विसरतील. माणसं रडायला लागली की विसरतात. तुम्ही ध्यान ठेवा." मुलगा शेवटी म्हणाला, "बापू म्हणतील तसं." म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

मला वाटलं, झालं एवढंच. पण तिचं अजून एक होतं.

आमच्यात नवऱ्याच्या आधी बाई गेली तर तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ घेऊन येतो. तो येईपर्यंत उचलत नाहीत. गावात ठीक आहे, भाऊ दोन कोसांवर असतो. आम्ही सुरतेत, तिचा भाऊ पार धुळ्याच्या पलीकडे. त्याच्या गावात फोन एकच, दूध डेअरीत.

"मला बर्फावर ठेवून त्याची वाट बघू नका," ती म्हणाली. "मच्छीबाजारात असते तसं मला पडायचं नाही. त्याला आधीच बोलवा. फोन करून नीट सांगा, की बहीण बरी शे, भेटायला बोलावलंय, अन् येताना साडी आण. आधी बरी शे म्हणा. समजलं का?"

"समजलं."

"म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. मग नाक्यावरच्या एसटीडीवाल्याकडे गेलो. फोन लागला तर पलीकडून नुसती खरखर. डेअरीवाला हॅलो हॅलो करतोय, मला ऐकू येत नाही, त्याला माझं ऐकू जात नाही. माझा लूमवरचा स्वभाव. मी पोटातून ओरडलो, "भावाला सांग! बहिणीची साडी घेऊन ये! लगेच!"

"काय? साडी?"

"हां! साडी घेऊन ये!"

फोन कटला. घरी येऊन सांगितलं, निरोप दिला. तिनं विचारलं, "बरी शे म्हणालात ना?" मी म्हटलं, "हां."

आमच्या मुलखात ‘बहिणीची साडी घेऊन ये’ याचा अर्थ एकच होतो. डेअरीवाल्यानं तो लावला.

दुसऱ्या दिवशी बायको ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी आत दाढी करत होतो. एकदम गल्लीच्या तोंडाशी रडारड उठली. आमच्याकडे बायका घराच्या लांबूनच रडायला सुरू करतात, तशी. "माय व माय! आम्हाला टाकून गई व बाई!" एक जीप भरून माणसं उतरली होती. पुढे तिचा भाऊ, काखेत कागदाचं पुडकं, पागोट्याच्या शेवानं डोळे पुसतोय. मागे त्याची बायको, दोन चुलत भाऊ, भाच्या, कोण कोण. सगळी गल्ली दारात आली.

बायकोनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला अन् उभी राहिली. तिला वाटलं, माहेरीच कोणीतरी गेलं.

"कोन मरनं व माय?" ती म्हणाली. "कसाले रडतस?"

भाऊ जिथल्या तिथं रस्त्यात बसला. मागच्या बायकांचं रडणं एकदम बंद होईना, अर्धं रडणं, अर्धी किंकाळी. एक भाची उलट्या पावली जीपमध्ये जाऊन बसली, तिला वाटलं भूत.

मी तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आलो. भावानं माझ्याकडे बघितलं. "दाजी," तो म्हणाला, "तुम्हाला देवानं तोंड दिलंय का भोंगा?"

"अजून मी मरनू नही," बायको म्हणाली. ती हसत होती. दम लागत होता तरी हसत होती, ओट्याच्या खांबाला धरून. "पण आलास ते बरं झालं. आता उतरा सगळे. रडून भूक लागली असेल."

सुनेनं खिचडी टाकली. जेवणं झाली, मला शिव्या घालून झाल्या, मग पुडक्याचा विषय निघाला. भाऊ ते काखेतून काढायलाच तयार नव्हता. मेलेल्यासाठी घेतलेली साडी, ती जिवंत बहिणीच्या हातात कशी द्यायची? परत घरी नेली तरी अशुभ. तो म्हणाला, "जाताना तापीत सोडतो."

"मग माझ्या वेळेला काय नेसवशील? पाणी?"

"तू असं बोलू नको बरं."

"दे इकडे."

"नाही देणार. माझ्या हातानं नाही होणार."

ती सुनेला म्हणाली, "ताट आण. हळदकुंकू, दिवा, सुपारी." अन् भावाला म्हणाली, "दिवाळीत मी दवाखान्यात होते. भाऊबीज राहिली माझी. पाटावर बस."

भाऊ बसला. तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दोन्ही हातांनी ताट धरून ओवाळलं. ताटातला दिवा हलत होता. भाऊ मान वर करीना. तिनं ताट त्याच्यापुढे धरलं अन् म्हणाली, "घाल ओवाळणी."

त्यानं पुडकं ताटात ठेवलं. ठेवताना त्याचा बांध फुटला, म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. आता ते रडणं कोणाचं म्हणायचं, भाऊबीजेचं की दुसरं, कोण जाणे. पण साडी ओवाळणीत आली, म्हणजे ती शुभ झाली. यावर कोणाला बोलायला जागा राहिली नाही.

हिरवी साडी होती, लाल काठाची. मी सवयीनं काठ उलटून बघितला. आयुष्यभर कापड बघितलंय, बोटांना कळतं. सुरतेचंच कापड. आमच्यासारख्याच कोणाच्या तरी लूमवर निघालेलं.

"धुळ्यात घेतली रे?" मी विचारलं.

"चांगल्या दुकानातून घेतली, दाजी. भारी माल शे म्हणाला."

मी बायकोकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. भाऊ गेल्यावर म्हणाली, "त्याला कशाला सांगता? त्याच्या हातून आली ती माहेरची." तिनं साडी पेटीत सगळ्यात वर ठेवली, दोन डांबराच्या गोळ्या टाकून. मधून मधून पेटी उघडून बघायची. एकदा मला म्हणाली, "नेसून बघू का?" मी असा ओरडलो की सून धावत आली.

थंडी गेली, होळी गेली. मग बिबड्यांचा दिवस आला.

खाली आल्यावर ती पडली. जेवली नाही. ऊन चढलं तसा श्वास वाढला, खरखर व्हायला लागली, डेअरीच्या फोनसारखी. सुनेनं निरोप धाडला, मुलगा कामावरून आला तो रिक्षा घेऊनच. रिक्षा दारात चालू ठेवलेली, तिचा भडभड आवाज घरात येत होता.

"बापू, उचला," मुलगा म्हणाला.

"नाही."

"बापू, श्वास नथी लेवातो एनाथी! डोळ्यांदेखत?"

"तिनं सांगितलंय."

"ती सांगेल हो! तुम्ही माणूस आहात का कोण?"

मी तिच्या उशाशी बसलो होतो, तिचा एक हात माझ्या हातात. खरं सांगतो, त्या वेळी माझंही मन फिरलं होतं. रिक्षा दारात होती. नेलं असतं तर नळी घातली असती, अजून काही दिवस मिळाले असते. मला तेवढेही हवे होते. माझ्या हातातून हात सोडवून तिनं माझं मनगट पकडलं. अशक्त माणूस, पण पकड अशी की मला त्या दुसऱ्या बाईचे बांधलेले हात आठवले. मी मुलाला म्हटलं, "रिक्षा पाठव."

तो बराच वेळ दारात उभा राहिला. मग रिक्षाचा आवाज बंद झाला. तो येऊन तिच्या पायाशी बसला अन् पाय चोळायला लागला.

मी चमच्यानं पाणी पाजलं. थोडं आत गेलं, थोडं गालावरून ओघळलं. तिनं डोळे उघडले अन् काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी कान तोंडाजवळ नेला.

"वर झाकलं का? कावळे येतील."

"झाकलं," मी म्हटलं. झाकलं नव्हतं.

त्यानंतर ती बोलली नाही. थोड्या वेळानं माझं मनगट आपोआप सुटलं.

मुलगा डेअरीत फोन करायला नाक्यावर धावला. दुपारची डेअरी बंद. दोनदा जाऊन आला. गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "माहेरचे आल्याशिवाय कसं उचलायचं? साडी?" मी पेटीकडे बोट दाखवलं. "भाऊ कुठंय पण?" तो म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ येऊन गेला. तुम्ही दारातच होता." त्याला आठवलं. सगळ्यांना आठवलं. रडणाऱ्या बायकांत एकीला हसू फुटलं अन् तिनं तोंडावर पदर धरला. बायकोला ते आवडलं असतं.

बायकांनी तिला ती साडी नेसवली. हिरव्या बांगड्या, मळवट. कोणाची वाट बघितली नाही, बर्फ आणला नाही. दिवस मावळायच्या आत तापीकाठी सगळं झालं. तिनं सांगितलं तसंच झालं. फक्त ती असताना जे ठरवलं त्यात माझं काही ठरवलं नव्हतं, हे मला परत येताना टेम्पोत कळलं. माझ्या वेळी काय, पांढरं कापड लागतं. सुरतेत कापडाला काय तोटा. पण मी कोणाला समोर बसवून सांगू? जिच्याशी भांडून ठरवायचं ती ठरवून निघून गेली. आता घरात मी ओरडून बोललो तर सून दचकते, म्हणून मी बोलतच नाही.

सकाळी उठलो तर घरात सगळे झोपलेले होते. चूल बंद, शेजारचा चहा यायचा होता. डेअरी उघडायला वेळ होता. मी अगाशीवर गेलो. साडी तशीच पसरलेली, विटा तशाच. कावळ्यांनी एका कोपऱ्यातले बिबडे टोचले होते, बाकीचे शाबूत. एक दिवस उन्हात अन् एक रात्र उघड्यावर राहून कडक झाले होते. ती कसं करते ते मी बघितलं होतं. साडी उलटी केली, मागून पाण्याचे हबके मारले अन् थोडं थांबून एक एक सोडवायला लागलो. माझे जाड होते, ते सहज निघाले. तिचे पातळ, दोन फाटले. एक उन्हाकडे धरून बघितलं. पलीकडची टाकी दिसत होती.

सगळे टोपलीत घालून झाकून ठेवले अन् नाक्यावर गेलो.

एसटीडीवाला नुकतंच दुकान झाडत होता. फोन लागला. त्या दिवशी लाइन इतकी साफ होती की डेअरीतल्या कॅनचा आवाज येत होता. मी म्हटलं, भावाला बोलाव. तो दूध घालायला तिथंच आला होता.

"हां दाजी."

मी वाटेत नीट वाक्य जुळवलं होतं. एकही आठवलं नाही.

"ये," मी म्हटलं. "साडी आणू नकोस."

पलीकडे नुसते कॅन वाजत राहिले.

"कधी?" तो म्हणाला.

"काल."

"ती नेसवली?"

"नेसवली."

"शोभली का?"

"शोभली."

"येतो," तो म्हणाला. "हळू बोललात, दाजी. म्हणून समजलं."

मी फोन ठेवला. एसटीडीवाला केरसुणी हातात धरून माझ्याकडे बघत होता. तो आमच्या गल्लीतला नव्हता, त्याला काही माहीत नव्हतं.

"काका," तो हसत म्हणाला, "सुरतमां रहीने साडी बहारगामथी मंगावो छो?"

मी म्हटलं, एकदाच मागवली होती.